तिसरा स्ट्राइक आणि निसटलेला चेंडू

बांध नसलेल्या भातखाचरात पाणी टिकत नाही, आणि नियम नसलेल्या खेळात गोडी टिकत नाही. विटीदांडू, लगोरी, आट्यापाट्या, खो-खो हे आपल्या मातीतले खेळ. ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, तरी गावागावांत त्यांचे नियम निरनिराळे होते. त्यामुळे दोन गावांचे संघ समोरासमोर आले की खेळापेक्षा वादच अधिक रंगत. म्हणूनच १९१४ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम निश्चित करण्याचे काम हाती घेतले. नियम ठरले आणि खेळ गावाच्या वेशीबाहेर पडला.

काही नियम ऐकताक्षणीच पटतात. काही मात्र प्रथमदर्शनी चमत्कारिक, किंबहुना अन्यायाचे वाटतात. असा एखादा नियम आपल्याविरुद्ध गेला, तर मनाला फार लागते. परंतु त्या नियमाच्या मुळाशी जाऊन पाहिले, तर तेथे एक सरळ आणि न्यायाची गोष्ट दडलेली आढळते. सॉफ्टबॉलच्या खेळातील असाच एक नियम मला माझ्या शाळेतील मुलींमुळे कळला. तो कसा कळला, हे प्रथम सांगतो.

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील दोन शेजारी तालुके. एकातून कुकडी वाहते, दुसऱ्यातून घोड. दोहोंच्या पश्चिमेस सह्याद्रीचे कडे उभे आहेत, तर पूर्वेकडे ऊस, कांदा आणि टोमॅटो यांची शेते पसरलेली आहेत. सॉफ्टबॉल हा मूळचा परदेशचा खेळ. तथापि शालेय क्रीडा स्पर्धांत त्याचा समावेश असल्यामुळे महाराष्ट्रातील अनेक शाळांनी तो आपलासा केला आहे. मी कुकडीच्या खोऱ्यातील एका शाळेत मुख्याध्यापक होतो. निवृत्त होण्यास एक वर्ष उरले असता आमच्या शाळेत मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ उभा राहिला. शाळेने बॅट आणल्या, चेंडू आणले, हातमोजे आणले. नियमांचे पुस्तक तेवढे आणावयाचे राहून गेले. ‘खेळता खेळता नियम कळतील,’ असे मीच म्हणालो होतो.

त्या वर्षी घोड नदीच्या काठच्या एका शाळेशी आमच्या मुलींचा मैत्रीचा सामना ठरला. एस. टी. ने आम्ही तेथे पोहोचलो. सामना मोठा चुरशीचा झाला. सातव्या, म्हणजे अखेरच्या डावात आमच्या सहा धावा होत्या आणि यजमान संघाच्या पाच. फलंदाजी त्यांची होती. त्यांच्या दोन मुली बाद झाल्या होत्या. एक दुसऱ्या बेसवर आणि एक तिसऱ्या बेसवर उभी होती. आता एकच मुलगी बाद करावयाची राहिली होती. तिच्यावर दोन स्ट्राइक झालेले होते. आमच्या मुलीने चेंडू टाकला. तो खाली आला. फलंदाज मुलीने जोराने बॅट फिरविली, पण चेंडू बॅटला लागला नाही. तो प्लेटजवळ जमिनीवर टेकला आणि उसळून आमच्या कॅचर मुलीच्या हातमोज्यात जाऊन बसला.

“स्ट्राइक तीन!” पंचांनी पुकारले.

आमच्या मुलींनी आनंदाने एकच आरोळी ठोकली. कॅचरने हातातला चेंडू तेथेच जमिनीवर टाकला आणि ती मैत्रिणींना मिठी मारण्यासाठी धावली. फलंदाज मुलगीही मान खाली घालून परत फिरली होती. इतक्यात तिच्या शिक्षकांनी सीमेबाहेरून हाक दिली, “अगं, पळ! पहिल्या बेसकडे पळ!” ती पळाली. तिसऱ्या बेसवरची मुलगी घरच्या प्लेटवर आली. तिच्या पाठोपाठ दुसरीवरचीही आली. आमच्या मुली अजून नाचतच होत्या. चेंडू प्लेटजवळ धुळीत पडून होता. पंचांनी दोन्ही धावा धरल्या. सामना आम्ही सात विरुद्ध सहा असा गमावला.

मला राग आवरला नाही. मी मैदानात जाऊन पंचांना म्हणालो, “तीन स्ट्राइक झाल्यावर फलंदाज बाद होतो, एवढे आम्हांलाही ठाऊक आहे!” पंच वयाने तरुण होते. ते शांतपणे म्हणाले, “सर, स्ट्राइक तीन झाले, हे मीच पुकारले. पण ‘बाद’ असे मी कुठे म्हणालो? चेंडू झेलला कुठे गेला?” असे म्हणून त्यांनी पिशवीतून नियमांचे पुस्तक काढले आणि ते पान माझ्यापुढे धरले. मी ते दोन वेळा वाचले आणि निमूटपणे परत फिरलो. पंचांचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

आता तो नियम आपण समजून घेऊ. त्यासाठी प्रथम खेळाची मांडणी डोळ्यांपुढे आणली पाहिजे.

सॉफ्टबॉलच्या मैदानाचा मुख्य भाग चौकोनी असतो; मात्र तो एका कोपऱ्यावर उभा केल्यासारखा दिसतो. या चौकोनाच्या चार कोपऱ्यांपैकी खालच्या कोपऱ्यात घरची प्लेट असते. तेथे फलंदाज उभा राहतो. उरलेल्या तीन कोपऱ्यांत उजवीकडून क्रमाने पहिला, दुसरा आणि तिसरा बेस असतो. एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचे अंतर ६० फूट, म्हणजे सुमारे १८.३ मीटर असते. चौकोनाच्या मध्यभागी चेंडू टाकणारा खेळाडू असतो. त्याला पिचर म्हणतात. महिलांच्या सामन्यांत पिचर प्लेटपासून ४३ फुटांवर असते. ती हात खालून झुलवून चेंडू टाकते. फलंदाजाच्या मागे, तोंडावर जाळी आणि हातात मोठा मोजा घालून बसलेला खेळाडू म्हणजे कॅचर. प्रत्येक संघात नऊ खेळाडू असतात आणि सामना सात डावांचा असतो. एका डावात संघाचे तीन फलंदाज बाद झाले की त्याची फलंदाजी संपते. फलंदाज तिन्ही बेस क्रमाने पार करून पुन्हा प्लेटवर आला की एक धाव होते.

फलंदाजाने बॅट फिरविली आणि चेंडू बॅटला लागला नाही, तर तो एक स्ट्राइक. चेंडू प्लेटवरून, साधारणपणे फलंदाजाच्या छाती आणि गुडघे यांच्या दरम्यान, मारता येण्याजोगा आला आणि तरीही त्याने बॅट उचलली नाही, तर तोही स्ट्राइक. उलट, चेंडू मारता येण्याजोगा नसेल आणि फलंदाजाने बॅटही फिरविली नसेल, तर त्यास ‘बॉल’ म्हणतात. असे चार ‘बॉल’ झाले की फलंदाजाला पहिला बेस आपोआप मिळतो. तीन स्ट्राइक झाले की मात्र त्याची फलंदाजी संपते.

‘फलंदाजी संपते’ आणि ‘फलंदाज बाद होतो’ या दोन वाक्यांत फरक आहे. आमची सारी गफलत या फरकातच झाली होती.

विटीदांडूचा खेळ आठवा. दांडूने उडविलेली विटी समोरच्या गड्याने वरच्या वर झेलली की खेळणारा बाद. ती जमिनीवर पडली, तर मात्र झेल गेला; मग दुसऱ्या उपायाने त्याला बाद करावे लागते. सॉफ्टबॉलमध्ये तिसऱ्या स्ट्राइकच्या वेळी असेच घडते. फलंदाजाला न लागता मागे गेलेला तो तिसरा चेंडू कॅचरने जमिनीला टेकण्यापूर्वी झेलला पाहिजे. झेलला, तर फलंदाज बाद. चेंडू हातून निसटला, अथवा आधी जमिनीवर टेकून मग हातात आला, तर झेल झाला नाही. झेल नाही, म्हणून फलंदाज अजून बाद नाही. तो आता बॅट टाकून पहिल्या बेसकडे धावू शकतो. त्याला बाद करावयाचे, तर क्षेत्ररक्षकांनी चेंडू हाती धरून त्याच्या अंगाला लावला पाहिजे, किंवा तो पहिल्या बेसवर पोहोचण्यापूर्वी चेंडू तेथील रक्षकाच्या हाती पोहोचवून बेसला स्पर्श केला पाहिजे. यालाच निसटलेल्या तिसऱ्या स्ट्राइकचा नियम म्हणतात.

आमच्या कॅचरच्या हातात चेंडू आला होता खरा. परंतु तो टप्पा पडून आला होता. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये जागा अपुरी असली की ‘एक टप्पा झेल चालेल’ असे मुले आपसांत ठरवून घेतात. तीच सवय तिच्या मनात असावी. फलंदाज मुलगी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. हातातला चेंडू तिच्या अंगाला नुसता टेकविला असता, तरी सामना आमचा होता.

आता कोणी विचारील, ‘तीन वेळा चुकलेल्या फलंदाजाला पुन्हा संधी कशासाठी? हा तर चुकीबद्दल बक्षीस देण्याचा प्रकार झाला.’ प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला दोनशेहून अधिक वर्षे मागे जावे लागेल.

सॉफ्टबॉल हा बेसबॉल या जुन्या खेळातून निघाला. १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात काही तरुणांनी एका बंद दालनात, मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीने आवळून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याची बॅट केली. तेव्हा हा खेळ प्रथम खेळला गेला. जॉर्ज हॅनकॉक या गृहस्थाने त्याचे नियम बसविले. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव त्याला पुढे १९२६ साली मिळाले. मात्र त्यातील अनेक नियम बेसबॉलकडून वारसाने आलेले आहेत, आणि निसटलेल्या तिसऱ्या स्ट्राइकचा नियम हा त्या वारशाचाच भाग आहे.

या नियमाचे मूळ आपल्याला एका जर्मन शिक्षकाच्या ग्रंथात सापडते. योहान क्रिस्टोफ गुट्समुट्स हे त्यांचे नाव. मुलांच्या शारीरिक शिक्षणाला त्यांनी आपले आयुष्य वाहिले होते. १७९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या खेळांवरील ग्रंथात इंग्लंडातील बेसबॉलचे वर्णन आहे. त्या काळच्या खेळात चेंडू टाकणारा फलंदाजाच्या अगदी जवळ उभा राही आणि मारता यावा असाच चेंडू त्याला देई. फलंदाजाला तीन संधी असत. तिसऱ्या वेळी चेंडू बॅटला लागो वा न लागो, त्याने धावावयाचेच, असा प्रघात होता. म्हणजे तीन वेळा चुकला म्हणून तो बाद होत नसे. तीन वेळा झाल्या, आता इतरांचा खोळंबा न करता धावू लाग, एवढाच त्याचा अर्थ होता. विटीदांडूतही पुष्कळ ठिकाणी विटी टोलविण्यास तीन संधी देतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच.

पुढे १८४५ साली न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने बेसबॉलचे नियम लिहून काढले. तीन वेळा चुकलेल्या फलंदाजाचा अखेरचा चेंडू झेलला गेला तर तो बाद, न झेलला गेला तर त्याने धावलेच पाहिजे, असे त्यांनी ठरविले. याचा अर्थ असा की, बॅटला लागून उडालेला चेंडू आणि बॅट चुकवून मागे गेलेला तिसरा चेंडू, या दोहोंना त्यांनी एकाच मापाने मोजले. दोन्ही चेंडू खेळात आहेत. दोन्ही झेलले तर फलंदाज बाद, जमिनीवर पडले तर तो धावणार. त्या काळी एक टप्पा पडलेला झेलही ग्राह्य मानीत. खेळाडूंचे कौशल्य वाढत गेले, तशी टप्प्याची ही सवलत पुढे काढून टाकण्यात आली.

आता नियमाचे मर्म आपल्या ध्यानात येईल. फलंदाज स्ट्राइकमुळे बाद होत नाही; झेलामुळे बाद होतो. तीन स्ट्राइक घेणे हे पिचरचे काम. तो तिसरा चेंडू झेलणे हे कॅचरचे काम. दोघांची कामे पुरी झाली, म्हणजे फलंदाज बाद. पहिले काम झाले आणि दुसरे राहिले, तर काम अर्धेच झाले. अर्ध्या कामाचे फळ पूर्ण मिळावे, असे कोणता न्याय म्हणेल? फलंदाजाला येथे बक्षीस मिळत नाही. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाला फक्त एवढेच सांगितले जाते की, ‘तुमचे काम अजून संपलेले नाही, ते पुरे करा.’

क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना यासारखे आणखी एक उदाहरण देता येईल. फलंदाजाचा फटका चुकतो, चेंडू यष्टिरक्षकाच्याही हातून सुटून मागे जातो आणि फलंदाज धाव काढतात. त्या धावेला आपण ‘बाय’ म्हणतो. तेथे कोणी ‘फटका चुकला असता धाव कशी?’ असे विचारीत नाही. चेंडू अडविणे हे यष्टिरक्षकाचे काम होते. ते झाले नाही, म्हणून धाव निघाली.

परंतु या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो नियमाइतकाच विचारपूर्वक केलेला आहे. पहिल्या बेसवर आधीच एखादा धावपटू असेल, आणि दोनपेक्षा कमी गडी बाद झालेले असतील, तर तिसरा स्ट्राइक झेलला गेला नाही तरी फलंदाज तत्काळ बाद होतो. त्याला धावता येत नाही. असे का?

क्षणभर असे समजा की, हा अपवाद नाही. पहिल्या बेसवर एक मुलगी उभी आहे, बाद कोणीही नाही. फलंदाज तिसरा स्ट्राइक चुकते. एका बेसवर दोघींना राहता येत नाही. म्हणून फलंदाज पहिल्या बेसकडे निघाली की तेथल्या मुलीला दुसऱ्या बेसकडे जावेच लागणार. अशा वेळी एखादी धूर्त कॅचर काय करील? हातात येणारा चेंडू ती मुद्दाम पाडील, लगेच उचलून दुसऱ्या बेसकडे फेकील, तेथून तो पहिल्या बेसकडे जाईल, आणि एका चेंडूत दोघी बाद होतील! चेंडू नीट झेलला असता, तर एकच बाद झाली असती. पाडला म्हणून दोन झाल्या. म्हणजे चांगल्या खेळापेक्षा वाईट खेळाला अधिक फळ. पूर्वी बेसबॉलमध्ये कॅचर अशी युक्ती करीतही असत. ती बंद करण्यासाठी १८८० च्या दशकात हा अपवाद नियमांत घालण्यात आला.

मग दोन गडी बाद झालेले असताना हा अपवाद का लागू होत नाही? उत्तर सोपे आहे. दोन बाद असताना आणखी एक बाद झाला की डावच संपतो. तेव्हा एका चेंडूत दोघांना बाद करून कॅचरला अधिक काहीच मिळवावयाचे नसते. लबाडीचा लाभ नाही, म्हणून तिच्याविरुद्ध बंदोबस्ताचीही गरज नाही. ज्या घरात चोरण्याजोगे काही नाही, त्या घराला कुलूप कशाला?

हे सारे नीट ठसावे, म्हणून काही प्रसंग पाहू. प्रत्येक प्रसंगात तिसरा स्ट्राइक झाला आहे आणि चेंडू जमिनीला टेकला आहे, असे समजावे.

पहिला प्रसंग : कोणीही बाद नाही आणि सर्व बेस मोकळे आहेत. फलंदाज धावू शकते.

दुसरा प्रसंग : एक गडी बाद झाला आहे आणि पहिल्या बेसवर धावपटू आहे. येथे अपवाद लागू होतो. फलंदाज तत्काळ बाद. मात्र चेंडू अजून खेळात आहे, हे विसरू नये. बेसवरचे धावपटू स्वतःच्या जबाबदारीवर पुढे जाऊ शकतात.

तिसरा प्रसंग : एक गडी बाद आहे, पहिला बेस मोकळा, पण तिसऱ्या बेसवर धावपटू आहे. फलंदाज धावू शकते. येथे कॅचरची खरी कसोटी लागते. तिने घाईने चेंडू पहिल्या बेसकडे फेकला, तर तिसरीवरची मुलगी प्लेटकडे झेप घेईल. म्हणून चेंडू उचलताच आधी तिसरीकडे एक नजर टाकावी, तिला तेथेच थोपवावे, आणि मग फेक करावी.

चौथा प्रसंग : दोन गडी बाद आहेत आणि तिन्ही बेस भरलेले आहेत. पहिला बेस भरलेला असला, तरी दोन बाद असल्यामुळे फलंदाज धावू शकते. परंतु ती धावली की मागून पुढे सर्वांनाच सरकावे लागते आणि तिसरीवरच्या मुलीला प्लेटवर यावे लागते. म्हणून कॅचरने दूर फेक करण्याची आवश्यकता नाही. तिने चेंडू उचलून आपल्या पायाने प्लेटला स्पर्श करावा. तिसरीवरून येणारी मुलगी बाद, आणि डाव समाप्त.

या नियमामुळे एक गमतीची गोष्ट घडू शकते. फलंदाज धावून पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचली, तरी पिचरच्या हिशेबात तिला तीन स्ट्राइक दिल्याची नोंद होतेच. म्हणून एकाच डावात चार फलंदाजांना तीन-तीन स्ट्राइक दिले, अशी नोंदही पिचरच्या नावावर होऊ शकते. मात्र सॉफ्टबॉलचा एक संथ प्रकारही खेळला जातो. त्यात चेंडू हळू आणि उंच टाकतात. त्या प्रकारात हा नियम लागू नाही. तेथे तिसरा स्ट्राइक होताच फलंदाज बाद होतो.

हा नियम केवळ शाळेतील मुलींनाच चकवितो, असे मात्र कोणी समजू नये. ५ ऑक्टोबर १९४१ रोजी अमेरिकेत बेसबॉलच्या सर्वश्रेष्ठ स्पर्धेतील चौथा सामना ब्रुकलिन आणि न्यूयॉर्क यँकीज या संघांत चालू होता. नववा, अखेरचा डाव होता. ब्रुकलिन चार विरुद्ध तीन असे पुढे होते. यँकीजचे दोघे बाद झाले होते आणि बेसवर कोणीही नव्हते. टॉमी हेन्रिक हा फलंदाज तिसरा स्ट्राइक चुकला. सामना संपला, असेच सर्वांना वाटले. परंतु चेंडू ब्रुकलिनचा कॅचर मिकी ओवेन याच्या हातून सुटून मागे गेला होता. हेन्रिकने ते पाहिले आणि तो धावत पहिल्या बेसवर पोहोचला. संपलेला सामना पुन्हा सुरू झाला. यँकीजने त्याच डावात चार धावा काढून सामना सात विरुद्ध चार असा जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धाही जिंकली. ओवेन हा त्या काळचा नावाजलेला कॅचर होता. तरीही लोकांनी त्याचे नाव त्या एका निसटलेल्या चेंडूशी कायमचे जोडून टाकले.

आमच्या सामन्याकडे पुन्हा वळू. परतीच्या प्रवासात एस. टी. मध्ये कोणीच बोलत नव्हते. आमची कॅचर खिडकीकडे तोंड करून बसली होती. नारायणगाव जवळ आले, तेव्हा ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, “सर, माझ्यामुळे आपण हरलो. उद्यापासून मी खेळणार नाही.” मी तिला जवळ बसविले आणि म्हटले, “बाळ, तुला नियम ठाऊक असता आणि तू आळस केला असतास, तर चूक तुझी. पण नियम तुला कोणी सांगितलाच नव्हता. बॅट आणल्या, चेंडू आणले, आणि पुस्तक आणले नाही. ही चूक तुझ्या मुख्याध्यापकाची. उद्या आपण दोघेही तो शिकू.”

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर आम्ही फक्कीने चौकोन आखला. मुलींना बेसवर उभे करून, वर सांगितलेला एकेक प्रसंग प्रत्यक्ष खेळून पाहिला. आठवडाभरात त्यांना तो इतका पाठ झाला की, त्याच मला माझ्या चुका दाखवू लागल्या. ज्या पंचांशी मी वाद घातला होता, त्यांना मी पत्र लिहून दिलगिरी कळविली. मुलांना मैदानावर शिस्त शिकविणाऱ्याने स्वतःच पंचांवर आवाज चढवावा, हे मला शोभले नव्हते.

त्याच वर्षी पुढच्या एका सामन्यात दोन बाद असताना पुन्हा तिसरा स्ट्राइक झाला आणि चेंडू टप्पा पडून आमच्या कॅचरच्या मोज्यात आला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या. फलंदाज मुलगी वळून चालू लागली. आमची मुलगी मात्र टाळ्यांकडे वळली नाही. ती उठली, दोन पावले पुढे गेली आणि तिने हातातला चेंडू फलंदाजाच्या दंडाला हलकेच टेकविला. मग तिने पंचांकडे पाहिले. पंचांनी हात वर करून ‘बाद’ असे म्हटले, तेव्हा कोठे ती हसली.

मुलांनो, शेतात पीक उभे राहिले म्हणजे धान्य घरात आले असे नव्हे. कापणी, मळणी, उफणणी झाल्यावाचून शेतकरी निश्चिंत होत नाही. खेळाचेही असेच आहे. चेंडू हातात आला, टाळ्या पडल्या, तरी आपले काम खरोखर पुरे झाले आहे काय, हे स्वतः तपासून पाहावे. आणि काम उरले असेल, तर ते आधी पुरे करावे. आनंद करावयास त्यानंतर पुष्कळ वेळ असतो.